आक्काच्या नावावरची खोली

नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मित्रांनो, मग ऐकायला बसा. मी एक जुना स्पंज आहे. आंघोळीचा नाही, भांड्यांचा नाही, गाड्या पुसायचा तर नाहीच नाही. पगाराच्या टेबलावर छोट्या गोल डबीत बसवलेला, बोटं ओली करायचा स्पंज. कागद उलटताना, नोटा मोजताना बोट कोरडं पडतं. तेव्हा ते मला हलकेच टेकवायचं आणि पुढचं पान उलटायचं, एवढंच माझं काम. साधं, सभ्य काम. पण माणसाला सभ्य काम सांगितलं की तो त्यात काहीतरी घाण केल्याशिवाय राहत नाही. हे मी उगाच बोलत नाही, भोगून बोलतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गादीएवढा मोठा ठोकळा होता, तापलेल्या तारेने त्याचे काप काढले आणि आम्ही भावंडं चहूकडे पांगलो. कुणी न्हाणीघरात गेलं, कुणी मोरीत गेलं. मला त्यांची कीव यायची. मी आपला ऑफिसात चाललो होतो. कागद, पेनं, शिक्के अशा शिकल्यासवरल्या मंडळींत बसायचं, हाताला ओशटपणा नाही, खरकटं नाही. नवा होतो, अक्कल कमी होती.

मी आलो ती जागा म्हणजे एक मोठी लाँड्री. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांचे ढीग तिथं रोज येतात. त्या ढिगांवर काय काय असतं ते मी सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. पण एक सांगतो, त्या चादरी धुऊन निघतात. कढत पाणी, साबण, वाफ, मग इस्त्रीचे मोठे रोलर. शेवटी घडी अशी पांढरीशुभ्र येते की हात लावायला भीती वाटावी. त्या लाँड्रीत जी घाण धुतली जात नव्हती ती वरच्या मजल्यावर होती, माझ्या टेबलापाशी. तिच्याकडे येतोच.

सुरुवातीची वर्षं माझी सुखाची गेली. टेबलावर पगाराच्या बाई बसायच्या. त्यांचं नाव सगळे विसरले होते, ‘पगाराच्या बाई’ एवढंच सगळ्यांच्या तोंडी. रोज सकाळी मला पिळायच्या, डबी विसळायच्या, ताजं पाणी घालायच्या. आठवड्यातून एकदा खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवायच्या. त्या खिडकीतून मागचं अंगण दिसायचं आणि अंगणापलीकडे कामगारांच्या खोल्यांची चाळवजा रांग. तिथं वाळत घातलेले कपडे बघत मी ऊन खायचो. बाईंच्या बोटाला साबणाचा वास यायचा. असं बोट मला टेकलं की वाटायचं, जन्माला आल्याचं सार्थक झालं.

वर्ष संपलं की बाईंच्या टेबलापुढे रांग लागायची. प्रत्येकाला ‘वर्षाचा कागद’ मिळायचा. त्याचं छापील नाव ‘वेतन व कर दाखला’, पण ते नाव फक्त कागदालाच माहीत होतं. बाकीच्या ठिकाणी कारकून काय करतात? कागद सरकवतात आणि म्हणतात, सही कर. बाई तसं करायच्या नाहीत. पेन्सिल घ्यायच्या, कागद माणसाकडे फिरवायच्या आणि ओळीओळीवर पेन्सिल टेकवायच्या.

“हे बघ, ही तुझी वर्षाची एकूण कमाई. ही सगळी तुझ्या हातात आलेली नाही, घाबरू नकोस. ही कपात. ही म्हातारपणासाठी बाजूला टाकलेली, ती तुझीच आहे. हा कर, तुझ्या नावानं आम्ही सरकारात भरलाय. आणि हा मधला रकाना. पैशात मिळालं नाही पण मिळालं, असं काही असेल तर ते इथं. तुला कारखान्याची खोली असेल तर तिची किंमत इथं धरतात. ती तुझी कमाई समजतात आणि तिच्यावरही कर बसतो.”

“आणि हे करपात्र?” एखादा विचारायचा. “म्हणजे एवढे मला मिळायला मी पात्र आहे ना?”

दरवर्षी एकजण तरी हे विचारायचाच. बाई हसायच्या नाहीत. “तू नाही रे पात्र, ती रक्कम पात्र आहे. कर बसायला पात्र. तिच्यातला एक पैसाही तुला वेगळा मिळायचा नाहीये.”

मग माणूस ओशाळं हसायचा, सही करायचा आणि कागद नीट घडी करून न्यायचा. मी तेव्हा डबीत ताठ बसायचो. शिक्षणाच्या कामात आपलाही ओलावा आहे, असं वाटायचं.

आता आक्काची ओळख करून देतो, कारण गोष्ट तिची आहे. आक्का इस्त्री खात्यात. नवरा गेल्यावर ती या लाँड्रीत लागली, तेव्हा तिला रांगेतली कोपऱ्यातली खोली मिळाली. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. रोलरमधून चादर निघाली की तिच्या दोन हातांत तिची घडी कधी झाली ते कळायचं नाही. काही वर्षांनी तिचा धाकटा भाऊ आला. त्याची बायकोही कामाला जायची, पोरगी तान्ही, सांभाळायला कुणी नाही. ‘आक्का, तू घरी ये, आपण एकत्र राहू,’ म्हणाला. आक्काने खोली सोडली. बाईंच्या टेबलावर, माझ्या डबीशेजारी चावी ठेवली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बरं, मला डोळे नाहीत, पण भोकं पुष्कळ आहेत. पगारातला काही भाग स्वतःला ठेवून उरलेला ती भावाच्या घरात देऊ लागली. पोरगी आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढली.

बाईंनी चावी घेतली, यादीतून आक्काचं नाव काढायला लिहून ठेवलं, आणि त्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या. जाताना मला शेवटचं पिळलं. माझं सोन्यासारखं आयुष्य तिथंच संपलं.

बाईंच्या खुर्चीवर दाजी आले.

दाजी म्हणजे नवा पगार कारकून. त्यांचा मेहुणा आमच्याच लाँड्रीची गाडी चालवायचा. तो दिवसातून दहादा जिना चढून ‘दाजी, दाजी’ करत यायचा, त्यामुळे सगळ्या कारखान्याचेच ते दाजी झाले. मालकीणसुद्धा दाजी म्हणायची. मित्रांनो, मी जगात पुष्कळ बोटं पाहिली, पण दाजींसारखं बोट नाही. दाजी मला हात लावायचेच नाहीत. ते बोट चाटायचे. कागद उलटायचा, बोट जिभेवर. नोट मोजायची, बोट जिभेवर. जेवून आले, तरी तेच. नाक शिंकरलं, तरी तेच बोट आणि तीच जीभ. मग त्या ओल्या बोटाने कागदाचा कोपरा उचलून ते समोरच्याच्या हातात द्यायचे. दवाखान्याच्या चादरी उचलणारे हात तो कोपरा दोन बोटांत धरायचे, नाइलाजाने. मला ओकारी यायची, पण ओकायला आत पाणी तरी पाहिजे ना. दाजींनी मला पाणी घातलं नाही ते घातलंच नाही. कधी उरलेला चहा ओतला. कधी माझ्यात टाचण्या खोचल्या. एकदा दात कोरलेली काडी खोचून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तीच काढून पुन्हा दात कोरले. माझी एक बाजू हिरवी झाली. नंतर तीही वाळली. मी रोटासारखा कडक झालो.

आणि वर्षाचा कागद? दाजी तो सरकवायचे आणि म्हणायचे, “सही कर.” कुणी विचारलंच, हा रकाना कसला, तर म्हणायचे, “छापलंय ते आहे. पुढचा.” लोकांनी विचारणं सोडलं. कागद घडी होऊन खिशात जायचा आणि घरी पत्र्याच्या डब्यात.

एका दुपारी मेहुणा टेबलाच्या कोपऱ्यावर बूड टेकून बसला होता, माझ्या डबीला जवळजवळ चिकटून. त्याचा मला त्रास झाला, पण ते सोडा. त्याला राहायला जागा हवी होती. गाडी चालवणाऱ्यांना खोल्या द्यायचा नियम नव्हता. दाजींनी बोट चाटलं, खोल्यांची यादी उलटली आणि म्हणाले, “कोपऱ्यातली रिकामी आहे. आक्काची. बाईंनी रद्द करायला सांगितलं होतं. मी नाव काढलंच नाही अजून.”

“मग काढा आणि माझं घाला.”

“तुझं घातलं तर मालकीण विचारेल. तिचं राहू दे. मालकीण यादी बघते, माणूस बघत नाही.”

झालं. आयत्या बिळावर नागोबा. खोलीत मेहुणा घोरायला लागला आणि वर्षाच्या कागदावर मधल्या रकान्यात आक्काच्या नावापुढे खोलीची किंमत दरवर्षी छापून यायला लागली. तिच्यावरचा कर आक्काच्या पगारातून जायचा. थोडाथोडा, महिन्यामहिन्याला, कळणार नाही इतका. आक्का सुटली की तडक पोरीकडे घरी जायची, खोल्यांच्या रांगेकडे फिरकायची नाही, त्यामुळे तिला काही कळलं नाही. ती म्हणायची, हल्ली हातात कमी पडतात, महागाई वाढली. मी डबीत बसून ऐकायचो. टेबलावर बसणाऱ्याला सगळं कळतं आणि बोलता काही येत नाही, याच्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

असं चाललं होतं. मग पोरगी मोठी झाली. तिच्या शाळेने फी कमी करायचा अर्ज मागवला आणि घरात कमावणाऱ्या सगळ्यांचे वर्षाचे कागद जोडा म्हणून सांगितलं. आक्काने पत्र्याच्या डब्यातला कागद काढून भावजयीच्या हातात दिला, न उघडता. त्यात काय उघडायचंय, ती म्हणाली असेल. भावजयीने तो उघडला. भावजय वाचणारी बाई. बरणीवरच्या चिठ्ठ्यासुद्धा वाचणारी. आणि अर्धवट वाचणाऱ्यापेक्षा न वाचणारा बरा, मित्रांनो.

दोघी एका सकाळी माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा घरात काय झालं ते मला कळलं. भावजयीने कागदावर दोन गोष्टी पाहिल्या होत्या. पहिली ‘करपात्र’, आणि तिच्यापुढचा आकडा, जो आक्का घरात सांगायची त्यापेक्षा मोठा होता. दुसरी, ‘निवास सुविधा: एक खोली’. म्हणजे आक्काला जास्त पैसे मिळतात आणि ती लपवते. आणि आक्काने कुठंतरी खोली ठेवलीय. भाऊ म्हणे ऐकून खाली मान घालून बसला. न बोलणारा भाऊ आणि जास्त बोलणारी भावजय, यांच्या मध्ये सापडलेल्या माणसाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आक्का सरळ बोलली. “दाजी, हिला सांगा, ही खोली माझ्याकडे नाही. मी कधीच सोडली. बाईंच्या हातात चावी दिली होती.”

भावजय तिच्या मागे उभी होती, पदर तोंडाला लावून. आपण वाचलं ते खोटं ठरावं असंच तिला अजून हवं होतं, असं मला वाटलं. कागद चुकला असं कुणी म्हटलं असतं तर ती तिथंच रडून मोकळी झाली असती. एका वाक्याचं काम होतं.

दाजींनी कागद घेतला. बोट चाटलं. कागद उलटला, त्याच्या मागे काही नव्हतं, तरी उलटला.

“छापलंय ते आहे,” ते म्हणाले.

“पण करपात्र म्हणजे काय हो?” भावजयीने विचारलं. “एवढे यांना मिळाले, असंच ना?”

“करपात्र म्हणजे जे पात्र आहे ते.”

मला कुणी उचलून त्यांच्या तोंडात कोंबलं असतं तर मी आनंदाने गेलो असतो. इतकी वर्षं तो शब्द छापणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. किंवा असेलही, सांगायचा नव्हता. दोन्हींतलं अधिक घाण काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

“करपात्र मरू दे,” आक्का म्हणाली. “खोलीचं बोला. माझ्या शेजारी उभी राहते तिच्या कागदावर त्या रकान्यात शून्य आहे. माझ्याच का?”

दाजींना कोपऱ्यात सापडल्यासारखं झालं. आणि कोपऱ्यात सापडलेला माणूस दोनच गोष्टी करतो, खरं बोलतो किंवा चिखल फेकतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. ते खुर्चीत मागे रेलले, भावजयीकडे बघितलं, आक्काकडे नाही, आणि सुस्कारा टाकून म्हणाले, “वहिनी, खोली आक्कांच्या नावावर आहे एवढं मला दिसतं. ती त्यांनी कुणासाठी ठेवलीय ते मला कसं ठाऊक असणार? एकटी बाई माणूस. मी कुणाच्या भानगडीत पडत नाही.”

मित्रांनो, दवाखान्याची चादर मी वर्णन करून सांगितली नाही. या वाक्याचा वास त्या चादरीला यायचा नाही.

आक्काचा चेहरा मी पाहिला. ती भावजयीकडे वळली आणि वाट बघू लागली. एवढी वर्षं माझ्याबरोबर राहिलीस, आता तू बोल, अशी. भावजयीने पदर खाली घेतला.

“वन्सं,” ती म्हणाली, “घरात पोरगी वाढतेय. तिच्या कानावर असलं काही नको.”

बस, एवढंच. आक्काने टेबलावरचा कागद उचलला, दाजींच्या थुंकीचा कोपरा आपल्या पदराने पुसला, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि जिना उतरून कामावर गेली. भावजय तिच्या मागून गेली की दुसऱ्या दाराने, ते मी पाहिलं नाही. दाजींनी मात्र डबा उघडला आणि जेवले. भरपूर जेवले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. मेहुणा आला, बनियनवर, अर्धी दाढी केलेली आणि अर्ध्या गालावर फेस.

“दाजी, ती आलीय.”

“कोण?”

“आक्का. ट्रंक घेऊन. दारात ट्रंकेवर बसलीय. म्हणते, माझ्या खोलीत कोण आहे?”

दाजी उठून खिडकीशी गेले. मलाही खिडकीतून अंगण दिसत होतं. आक्का खरंच ट्रंकेवर बसली होती, पाठ ताठ, मांडीवर गादीची वळकटी, जशी काही गाडीची वाट बघतेय. तिच्याभोवती इस्त्री खात्यातल्या सगळ्या बाया जमल्या होत्या. त्यांच्या हसण्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

“तिला सांगितलं नाहीस का, खोली तुझी आहे म्हणून?” दाजी खेकसले.

“सांगितलं. ती म्हणाली, कागद दाखव. तिच्याकडे कागद आहे.”

सुट्टी संपली तरी रोलर चालू झाले नाहीत. आणि रोलर थांबले की मालकीण येते, हा त्या कारखान्यातला सूर्य उगवण्याइतका पक्का नियम. मालकीण आली. वाईट बाई नाही, चांगलीही नाही. काय किती मिनिटं बंद राहिलं तर किती नुकसान, एवढंच तिच्या डोक्यात असतं. तिने आक्काला वर बोलावलं. आक्का ट्रंक बायांच्या ताब्यात देऊन आली आणि कागद टेबलावर उलगडून ठेवला, अगदी माझ्यासमोर.

“मालकीणबाई, माझं भांडण नाही,” आक्का म्हणाली. “मला एकदा ठरवून द्या. मी त्या खोलीत राहते की नाही? राहत असेन तर हा माझ्या खोलीत दाढी का करतोय? राहत नसेन तर त्या खोलीचा कर माझ्या पगारातून का जातोय?”

मालकिणीने मेहुण्याकडे बघितलं, त्याच्या फेसाकडे बघितलं, मग दाजींकडे. “दाजी, खोली कुणाची?”

मित्रांनो, त्या क्षणासाठी मी सगळी घाण सोसली असं आता वाटतं. दाजींना ‘आक्काची’ म्हणावं तर मेहुणा बाहेर. ‘आक्काची नाही’ म्हणावं तर इतक्या वर्षांचे कागद खोटे, आणि खाली सही त्यांची. ते फाईल उघडून पानं उलटायला लागले, नुसतीच. बोट जिभेला लावलं, पण जीभ कोरडी पडली होती. पुन्हा लावलं, पान काही उलटेना. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ते बोट माझ्याकडे आलं. मला टेकलं. मी ठणठणीत कोरडा होतो. मी काही मुद्दाम केलं नाही, पाणी त्यांनीच कधी घातलं नव्हतं.

“ते... नाव काढायचं राहून गेलं,” दाजी म्हणाले.

“राहून गेलं, आणि याला राहायला दिलं,” मालकीण म्हणाली. “बरंच राहिलं म्हणायचं.”

खाली बाया पुन्हा हसल्या, दार उघडंच होतं. मालकिणीने हिशेब तिथल्या तिथं केला. मेहुण्याने संध्याकाळच्या आत खोली सोडायची. मागच्या प्रत्येक वर्षाचा दुरुस्त केलेला कागद दाजींनी स्वतः काढायचा, आक्काचा जास्तीचा गेलेला कर परत मागायचा अर्ज स्वतः लिहायचा, आणि जे परत येणार नाही ते मेहुण्याच्या पगारातून. दाजींना काढलं नाही. ते अजून त्याच खुर्चीत बसतात आणि अजून बोट चाटतात. नवा माणूस शोधायला वेळ जातो आणि वेळेचे पैसे पडतात, असं मालकीण म्हणाली. मला त्याची शिसारी येते, पण माझं मत कुणी विचारलं नाही.

“आक्का, तुझा पुढचा कागद बरोबर येईल,” मालकीण उठता उठता म्हणाली. “खोलीचा रकाना शून्य.”

“शून्य नको,” आक्का म्हणाली. “मागचे दुरुस्त करा, ते खोटे होते. पुढच्यात खोली राहू दे. मी ट्रंक आणलीय.”

मालकीण मान डोलावून गेली. नियमात बसत होतं.

त्याच संध्याकाळी भावजय आली. कुणीतरी तिला सगळं सांगितलं असणार, लाँड्रीत बातमी कपड्यांच्या आधी वाळते. आक्का टेबलाशी चावीच्या वहीत सही करत होती. दाजी कुठं तोंड लपवून बसले होते कुणास ठाऊक. भावजय धावत आली होती, दम लागला होता, केस सुटलेले.

“वन्सं, माझं चुकलं. मी वाचलं ते मला कळलंच नाही. करपात्र म्हणजे काय ते आत्ता खाली बायांनी सांगितलं. घरी चला. पोरगी जेवायची थांबलीय.”

आक्काने सही पुरी केली. “तिला जेवायला घाल. थांबवू नकोस.”

“रागावलात?”

“राग असता तर बरं झालं असतं,” आक्का म्हणाली. “राग उतरतो. दाजी परका माणूस. त्यानं लुबाडलं, मी भांडले, परत घेतलं, संपलं. तू माझ्या ताटात जेवलेली. एक ओळ वाचलीस आणि माझ्याकडे असं बघितलंस की मला माझीच किळस आली गं. रात्रभर आली. ते इतक्यात धुऊन निघायचं नाही, निघेल तेव्हा निघेल. तोवर मला माझं दार लावून बसू दे.”

“लोक काय म्हणतील? नणंद वेगळी राहिली, भावजयीनं काढली म्हणतील.”

“म्हणू देत. काल माझ्याबद्दल म्हणायला निघाली होतीस, तेव्हा नाही सुचलं.”

भावजय रडायला लागली. आक्काने तिला रडू दिलं. मग चावी मुठीत घेऊन म्हणाली, “पोरीला शनिवारी पाठव. तिला सांग, आत्याची खोली आहे. लपवलेली नाही म्हणावं, छापलेली आहे.”

आता दर शनिवारी मी खिडकीतून बघतो. मला आता कट्ट्यावर ठेवत नाही कुणी, पण टेबलावरून दिसतं. भावजय पोरीला अंगणाच्या फाटकापर्यंत सोडते. पोरगी पळत जाते. आक्का दार उघडते, तिला आत घेते आणि दार लावून घेते. भावजय फाटकाशीच उभी राहते, पोरगी परत येईपर्यंत. ऊन असलं तरी. एकदाही आतून हाक आलेली मी ऐकली नाही, आणि एकदाही ती बोलावल्याशिवाय आत गेलेली मी पाहिली नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. मी वाळलो, एखाद्या दिवशी केरात जाईन. पण वर्षाचा कागद हातात आला तर लगेच घडी घालू नका. प्रत्येक ओळीला विचारा, तू कोण, माझ्या कागदावर काय करतेस? देणाऱ्याने तोंड वाकडं केलं तरी विचारा, त्याला पगार त्याच कामाचा मिळतो. आणि त्या कागदावर तुमच्या घरातल्या माणसाचं काही भलतंच लिहिलेलं दिसलं, तर कागद घेऊन आधी त्याच माणसाच्या शेजारी जाऊन बसा. बोट ठेवायचं ते दोघांनी मिळून ओळीवर ठेवा. माणसावर ठेवलेलं बोट मग कितीही धुतलं तरी त्याला दिसत राहतं.